न दुखणारा डोळा

पुढच्या मळ्यात कालपासून रोलर फिरतोय. भात कापून झालं की आमच्याकडे जमिनीला फार दिवस निवांत बसू देत नाहीत. वाडीतली पोरं चार कुणगे, म्हणजे भातशेतीचे चार तुकडे, एकत्र करतात, मधल्या मेरा, म्हणजे बांध, तासून काढतात, पाणी मारतात, चुन्याच्या रेघा ओढतात आणि भाताच्या जागी क्रिकेटचं मैदान तयार होतं. कुणाच्या तरी नावाचा चषक असतो, माडांना बॅनर बांधलेले असतात, खांबावर कर्णा चढलेला असतो. नेमका त्याच दिवसांत आंब्याला मोहर येतो. त्या वासानं पूर्वी मला भूक लागायची. आता छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं.

आज सकाळी देवाला गाऱ्हाणं घालून झालं. तात्या आमच्या वाडीचे मानकरी आहेत, ऐंशीच्या पुढचे, पण आवाज अजून खणखणीत. खेळपट्टीवर नारळ ठेवून त्यांनी सुरुवात केली, ती मला घरात बसून ऐकू आली. "बा देवा म्हाराजा, आज ह्या मळ्यात पोरांनी खेळ मांडलो हा, तो तडीस ने म्हाराजा!" पोरं एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!" "खेळणाऱ्याच्या हाताक, पायाक, डोळ्याक जी काय इजा येवची आसात, ती भायरच्या भायर घालव म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

'डोळ्याक' म्हणताना तात्या थोडे थांबले. हा शब्द चार वर्षांपूर्वी त्यांच्या गाऱ्हाण्यात नव्हता. हात आणि पाय एवढंच असायचं. नवा शब्द कुठून आला ते मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, म्हणून तिथं कुणी माझ्या घराच्या दिशेनं बघत नाही. मी खिडकी लावून घेतली आणि दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर पुढ्यात ओढले.

दिगू माझा धाकटा भाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि तो बाग बघतो. हापूसची साठ-पासष्ट कलमं, वरच्या भरडावर, माळाच्या जमिनीवर, काजू. घरं शेजारी शेजारी, पाण्याची बाव एकच. मी लिहितो ते तो वाचत नाही. शाळेत वाचलं तेवढं जन्माला पुरे, असं म्हणतो. त्याच्या त्या आळसाच्या भरवशावरच मी हे लिहायला धजतोय.

श्रावणात मात्र दिगू बागेत सापडायचा नाही. वाडीत गणपतीची शाळा आहे, मूर्ती घडवायची. माती मळायला, रंग द्यायला तिथं पुष्कळ हात असतात, पण डोळ्यांची रेखणी सगळ्यात शेवटी आणि ती एकट्या दिगूची. ती करताना तो कुणाला आत येऊ द्यायचा नाही. श्वास रोखून, चार केसांच्या कुंचल्यानं तो बुबुळाची काळी कड ओढायचा. तोवर ती नुसती मातीची मूर्ती असायची. रेघ पुरी झाली की आपण दारातून बाजूला सरकायचो, कारण आत कुणीतरी बघत असायचं. "डोळे काढूक येवक होये, शिकवक येयत नाय," असं तो म्हणायचा आणि वर माझ्या मास्तरकीला टोमणा मारायचा, "तुमचा उलटा, शिकवक येता, करूक येयत नाय."

तर चार वर्षांपूर्वीच्या त्या जानेवारीत आमची वाडी पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचली होती आणि संघात एक गडी कमी पडला म्हणून मला घेतलं होतं. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेलं. आदल्या संध्याकाळी सराव होता. दिगू गोलंदाजी करत होता. त्यानं मला सहा चेंडूंत चार वेळा त्रिफळाचीत केलं. प्रत्येक वेळी दांडी उडाली की कमरेवर हात ठेवून हसायचा. "दादा, तुझी बॅट म्हणजे आमच्या गोठ्याची खिडकी. कायम उघडी!" सगळी पोरं हसली. त्यांतली निम्मी माझ्या वर्गातली. मला राग आला, तो खराच आला. मनात म्हटलं, थांब लेका.

पुढचा चेंडू त्यानं थोडा आखूड टाकला. मी पाय पुढे घातला आणि सरळ मारला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका होता. हातांना काही जाणवलंच नाही, इतका तो बरोबर बसला. आमच्याकडे स्पर्धेला जड टेनिस बॉल वापरतात. तो जमिनीपासून वर वर चढत गेला आणि चेंडू टाकून अजून वाकलेल्या दिगूच्या उजव्या डोळ्यावर बसला. आवाज फार मोठा नव्हता. ओल्या गोणत्यावर काठी मारावी तसा झाला.

तो पडला नाही. डोळ्यावर तळवा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, फटको बरो होतो." मग हात काढला. रक्त कुठं वाहत नव्हतं. पण डोळ्याच्या आत, बुबुळाच्या खालच्या अंगाला, पेल्यात सरबत भरावं तशी लाल रेघ हळूहळू वर चढत होती. "सगळा तांबडा दिसता रे," तो म्हणाला. मळा, माड, मी, सगळं.

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याला आठ दिवस उशा उंच करून पाठीवर झोपवून ठेवला. ते आठ दिवस मला जेवण गेलं नाही. रक्त बसलं. वाढलेलं प्रेशर गोळ्यांनी आणि थेंबांनी खाली आलं. नवव्या दिवशी त्याला समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचता आली आणि आम्ही सुटलो असं समजून चालते झालो. फक्त बाहुली मोठी राहिली होती. डाव्या डोळ्याची उजेडात मिटायची, उजव्याची उघडी ती उघडीच. तो डोळा सतत कशानं तरी दचकल्यासारखा दिसायचा. शोभा, दिगूची बायको, त्या बाजूला बसून जेवायला घाबरायची.

निघताना डॉक्टरबाईंनी मला मागे बोलावलं. "डोळ्यात पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निचरून जातं. माराने तो कोपरा आतून फाटलाय. आज प्रेशर ठीक आहे, पण पुढे कधीही चढेल. महिन्याने चढेल, दहा वर्षांनी चढेल. त्याला काचबिंदू म्हणतात, तो मागची नस मारतो. आणि एक लक्षात ठेवा. चढलं तरी दुखणार नाही."

"दुखणार नाही ना," मी म्हटलं. मला ते दिलासा दिल्यासारखं वाटलं होतं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी फाइलवर माझा फोन नंबर लिहून घेतला, कारण दिगूचा फोन बागेत चालत नाही, आणि दर महिन्याला यायला सांगितलं.

माणूस दुखण्याला शिव्या देतो, पण दुखणं आहे म्हणून आपण वेळेवर उठतो. काटा टोचला की पाय उचलतो, दाढ ठणकली की मालवण गाठतो. तारकर्लीला समुद्रात उतरणाऱ्या पाहुण्यांना तिथले मच्छीमार सांगत असतात, जिथं लाटा फुटतात तिथं पोहा, जिथं पाणी गुळगुळीत दिसतं तिथं जाऊ नका, आत ओढणारी धार तिथं असते. पाहुणे नेमके गुळगुळीत पाण्यातच जातात. मी त्यांना हसायचो. दिगूचा डोळा दुखत नव्हता, म्हणून फेब्रुवारीत एकदा आणि मार्चच्या सुरुवातीला एकदा अशा दोन खेपा झाल्या. मग आंबा आला.

आंब्याचे दोन महिने आमच्याकडे कुणी मरतसुद्धा नाही, असं म्हणतात. पहाटे तोड, दुपारी निवड, संध्याकाळी पेट्या. त्या साली दिगू झाडावर चढून झेला, आंबा उतरवायची जाळीची काठी, पुढे करायचा, तर झेल्याची जाळी फळापासून वीतभर बाजूनं जायची. वाऱ्यात जाळी हलवायचा आणि पुन्हा चुकायचा. खाली उभे असलेले हसायचे. तोही हसायचा. एकदा शोभानं चहा दिला, त्यानं कप मेजावर ठेवला आणि मेज तिथं नव्हतंच. फुटलेला कप गोळा करता करता शोभा मला म्हणाली, "दादानू, ह्येंच्या डोळ्यात पांढरा दिसता. दुधाचो थेंब पडल्यासारखा. ह्येंका इचारलंय तर म्हणतत, धुक्यातसून बघल्यासारखा वाटता."

मी तात्यांना बोलावलं. तात्यांनी दिगूला उन्हात उभा केला, हनुवटी वर केली आणि निदान करून टाकलं. "मोती आसा रे. मार लागलो की तरण्याकय येता. भियाचा काय काम नाय. माजे दोनय डोळ्यांचे मी दिवाळी झाल्यार काढलंय. मोती खंय पळान जाता? उन्हात चिरूचो नाय, पावसात चिरूचो नाय. पिकांदे, थंडीत काढूया."

तात्या काही चूक बोलत नव्हते. आमच्या गावात मोतीबिंदू असाच काढतात. पावसात जखम ओली राहते, चिखलात हात घालावेच लागतात, म्हणून डोळा उघडायचा तो थंडीतच. वाडीतले पाच-सहा म्हातारे दरवर्षी दिवाळीनंतर एकाच गाडीतून जातात आणि हिरवी पट्टी लावून परत येतात. मोती पुरता पिकला की तो देठ सुटल्यासारखा सहज निघतो, असाही समज. म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे इतकी वर्षं चालून गेलं होतं. एवढंच की दिगू म्हातारा नव्हता आणि त्याच्या डोळ्यात एकटा मोती नव्हता. पुढे मोती दिसत होता, म्हणून मागे काय चाललंय ते कुणालाच दिसलं नाही. अंधुक झालं की आम्ही म्हणायचो, मोती वाढतोय. दारात ठेच लागली की म्हणायचो, मोती वाढतोय. मोती मेला बिचारा सगळ्याचं पाप अंगावर घेत राहिला.

आता जे सांगायचं ते इथंच सांगून टाकतो. एप्रिलच्या मध्यावर मला कुडाळहून फोन आला. दवाखान्यातली मुलगी होती. "दिगंबर यांची तपासणी राहिलीय. मॅडमनी विचारलंय." मी पेट्या मोजत होतो. म्हटलं, "मे गेला की घेऊन येतो." ती म्हणाली, "सर, एवढं थांबू नका असं मॅडम म्हणाल्यात." मी बरं म्हणून ठेवून दिला. दुसरा फोन जुलैत आला. तेव्हा मी आठवीच्या वर्गात होतो. नंबर ओळखला आणि कापला. नंतर करू म्हटलं आणि नंतर केला नाही. हे दोन्ही फोन आल्याचं मी दिगूला सांगितलं नाही. शोभालाही नाही. फटक्याबद्दल मला सगळ्या गावानं माफ केलं, दिगूनं तर उभ्या जागी केलं. फोनबद्दल माफ करायला कुणाला माहीतच नाही.

जुलैत फोन कापला त्या तासाला मी वाक्प्रचार शिकवत होतो. डोळ्यात तेल घालून जपणे. डोळेझाक करणे. मराठीला डोळ्यांची एवढी हौस का आहे कोण जाणे. एका मुलीनं वाक्यात उपयोग केला, "आईने माझ्या चुकीकडे डोळेझाक केली." मी तिला शाबास म्हटलं. फोन खिशात होता, अजून गरम.

मग श्रावण आला आणि दिगू गणपतीच्या शाळेत जाऊन बसला. त्या वर्षी वेळ फार लागत होता. पूर्वी दिवसाला दहा मूर्तींचे डोळे व्हायचे, आता तीन. शोभा डबा घेऊन गेली की दाराबाहेरून हाक मारायची आणि आतून उत्तर यायला उशीर व्हायचा. मी एकदा संध्याकाळी खिडकीतून डोकावलो. दिगू एका मूर्तीसमोर बसला होता, कुंचला हातात, आणि मूर्तीच्या चेहऱ्याला डाव्या हातानं चाचपत होता. बोटांनी पापणीची कड शोधत होता. मग कुंचला टेकवला तो एक जवभर आधीच टेकला. त्यानं फडक्यानं पुसलं. पुन्हा टेकवला. मी तसाच परत आलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक मूर्ती न्यायला आले. दरवर्षी तिथं गलबला असतो. त्या दिवशी लोक मूर्ती घेत, पाटावर ठेवत, जरा वेळ बघत आणि कपडा झाकून गप निघून जात. डोळे होते, पाणीदार होते, पण दोघांची दिशा जुळत नव्हती. डावा समोर, उजवा किंचित बाहेर, दाराकडे. देवाच्या मूर्तीला नाव ठेवायचं कुणी? शेवटी तात्या आले. त्यांनी आपला गणपती उचलला, उजेडात धरला आणि फार हळू म्हणाले, "दिगू, देव माज्याकडे बघना नाय रे."

दिगूनं कुंचला पाण्याच्या वाटीत ठेवला. आणि मी, मास्तर, मोठा भाऊ, तेव्हासुद्धा म्हणालो, "दिवाळी होऊ दे, लगेच जाऊ." त्या वर्षी आमच्या देवघरात पाच दिवस जो गणपती बसला होता, तो माझ्या खांद्यावरून मागे बघायचा. आरती करताना दोनदा मी वळून पाहिलं होतं.

दिवाळी झाली, भात घरात आलं, मग आम्ही कुडाळला गेलो. डॉक्टरबाईंनी भिंगातून बघितलं, प्रेशर मोजलं, पुन्हा मोजलं. चव्वेचाळीस. एकवीसच्या आत असावं लागतं. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आमचे फोन मिळाले नाहीत का?" दिगू तेव्हा बाहेर थेंब घालून डोळा मिटून बसला होता. मी म्हटलं, "बागेत रेंज नसते." खोटं बोलायला वर्षभराची तयारी लागत नाही.

गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात दिगूला, शोभाला आणि मला मिंगेलनं आपल्या गाडीतून नेलं. मिंगेल दिगूचा लहानपणापासूनचा दोस्त, आमच्या वाडीच्या टोकाला चॅपेलजवळ राहतो, त्याची अर्धी माणसं गोव्यात. पहाटे इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली, आत वाकून बघितलं. दिगूनं मान वळवली. त्याचा तो न मिटणारा डोळा आणि त्यातली पांढरी टिकली बघून पोलिसानं काही विचारलं नाही, हातानंच जा म्हटलं. मिंगेलच्या आईनं मेणाचे दोन डोळे दिले होते, नवस म्हणून तिकडच्या चॅपेलमध्ये वाहायला. बशीत ठेवल्यासारखे जोडीनं असतात. ते डॅशबोर्डवर ठेवले होते आणि उजाडल्यावर ऊन लागून थोडे मऊ झाले. मिंगेलनं ते उचलून सीटखाली सावलीत ठेवले. तोवर सबंध वाटेत मी दुसरं काही बघितलं नव्हतं.

इस्पितळात दिगूला एका यंत्रापुढं बसवलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. दिगू बराच वेळ बटण न दाबता बसून राहायचा. नंतर कागद हातात आला. त्यावर त्याच्या उजव्या डोळ्याला किती जग दिसतं त्याचा नकाशा होता. कडा सगळ्या काळ्या, मधे एक लहानसा पांढरा तुकडा, भरतीत बुडत आलेल्या वाळूसारखा.

तिथले डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. "मोती काढून भिंग बसवतो. त्याच वेळी वरच्या पांढऱ्या भागाखाली पाण्याला बाहेर जायला वाट करतो." कुणग्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून मेर फोडून पाणी सोडतात, हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती. दिगू मान हलवत होता. "पण समजून घ्या," डॉक्टर म्हणाले, "मोती गेला की समोरचं स्वच्छ होईल. मेलेली नस परत येत नाही. हे ऑपरेशन उरलेलं राखण्यासाठी आहे. आणि ती वाट पुढे बुजूही शकते."

दिगूनं विचारलं, "डॉक्टर, गणपतीचे डोळे काढूक गावतले?"

डॉक्टरांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आधी हा डोळा टिकवूया," ते म्हणाले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. दिगूनं खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कुणाच्या तरी गॅलरीत निळी चादर वाळत होती. "दादा," तो म्हणाला, "निळो केवढो निळो आसा रे!" तो हसला, शोभा रडायला लागली, मिंगेलनं क्रूसाची खूण केली. मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. वाटलं, निभावलं. फोनचं कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

त्या आनंदातच मी पुढची वर्षं काढली. वरच्या पापणीखाली पाण्याचा लहानसा फुगवटा राहिला आहे, तीच ती वाट. डोळा चोळायचा नाही, धुळीत जायचं नाही, समुद्रात बुडी मारायची नाही, लाल दिसला तर त्याच दिवशी पळायचं. पहिलं वर्षभर रोज सकाळी मी बावीवर त्याची पापणी वर करून बघायचो. तो वैतागायचा. "दादा, माका कॉलेजातली पोरगी समाजतस काय?" गणपतीच्या शाळेत तो अजून जातो, पण माती मळतो, पितांबर रंगवतो. डोळे आता दुसरं कुणी काढतं.

तपासणीला सुरुवातीला मीच न्यायचो. मग शोभा म्हणाली, तुमची शाळा बुडते, आम्ही एसटीनं जाऊ. आता सहा महिन्यांनी ती दोघं जातात. संध्याकाळी मी पायरीवर वाट बघत असतो. दिगू लांबूनच हात वर करतो. "बरा आसा रे. आसा तितका आसा." मी मान डोलावतो आणि मग मला जेवण जातं. डिसेंबरात गेली होती तेव्हाही हेच म्हणाला. त्या संध्याकाळी शोभानं चूल पेटवायला उशीर केला होता. मी त्याचं कारण विचारलं नाही.

गेल्या रविवारची गोष्ट. शोभा माहेरी, आईकडे पिंगुळीला गेली होती. मोहरावर फवारणी कधी करायची ते विचारायला मी बागेत गेलो. दिगू पंपघराच्या ओट्यावर बसला होता, झेल्याची फाटलेली जाळी मांडीवर घेऊन. पंप चालू होता, त्या घरघरीत माझी पावलं ऐकू येणं शक्य नव्हतं. मी त्याच्या उजव्या हाताच्या बाजूनं आलो. पंपघरापाशी फोनला जरा रेंज मिळते, तिथून तो शोभाशी बोलत होता, पंपामुळे मोठ्यानं.

"दादाक सांगा नको गो," तो म्हणत होता. "आवशीकडे बोललंस तर तीय सांगतली. उजव्यान आता उजेडसुदीक कळना नाय, ह्या डॉक्टरांनी सांगितलानी ता तुझ्यात आनी माझ्यात रवांदे. तेका वाटता, डोळो वाचलो. तसाच वाटांदे तेका. नायतर तो परत जेवचो नाय."

मी उभा होतो तिथून हात लांब केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. त्यानं सुई वर धरली, डाव्या डोळ्यासमोर नेली, दोरा ओवला. त्याचा उजवा डोळा उघडा होता, नेहमीसारखा मोठा, आणि सरळ माझ्या अंगावर रोखलेला. तो माझ्याकडे बघत होता आणि मी तिथं नव्हतो.

एक एक पाऊल मागे टाकत मी काजूपर्यंत आलो. पंपघराला पुरा वळसा घातला. डाव्या बाजूनं पुढे झालो, पाचोळा मुद्दाम वाजवला आणि मोठ्यानं हाक मारली, "दिगू!"

त्यानं फोन खिशात टाकला आणि मान वर केली. चेहराभर हसला.

"काय रे दादा, कधी इलंस?"

"आत्ताच इलंय," मी म्हटलं.